नकलेतलं गाव

मुख्य प्रवाहातल्या सिनेमात आता नवं काही उरलं नाही, ही तक्रार फक्त पुण्या-मुंबईच्या समीक्षकांची राहिलेली नाही. धुळ्याच्या थिएटरातून बाहेर पडणारा पोरगा गाडीला किक मारता मारता मित्राला तेच सांगतो, "तेच ते दखाडतस भो, नवं काहीच नही." सोनगीरच्या फाट्यावर चहा पिता पिता मोबाइलवर ट्रेलर बघणारी मुलं अर्ध्या मिनिटात ओळखतात की हा कुठल्या तेलुगू सिनेमाचा रिमेक आहे, मूळचा हिरो कोण होता आणि शेवटी कोण मरतं. ज्या प्रेक्षकाला इंडस्ट्री वर्षानुवर्षं भोळा समजत आली, त्यानेच हा हिशेब मांडलेला आहे. त्यामुळे तक्रार खोटी म्हणून बाजूला सारता येत नाही.

मीही ती मनापासून मान्य करतो. फक्त तिचा रोख चुकतो आहे असं मला वाटतं, आणि हे लेख लिहायला बसलो ते त्यासाठीच. आपण म्हणतो, कथा चोरली, कथा जुनी आहे, कथा परभाषेतून आणली. कथा कुठे जन्मली यावरच सिनेमाचं नवेपण ठरवायचं असेल तर मराठी माणसाला आपल्या सिनेमाची सुरुवातच नाकारावी लागेल.

दादासाहेब फाळके मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहतात, आपले देव असेच पडद्यावर का येऊ नयेत असं त्यांच्या मनात येतं, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' उभा राहतो. स्फूर्ती परदेशी सिनेमाची, कथा पुराणातली, कीर्तनात आणि नाटकात शेकडो वेळा सांगितलेली. पुढे १९१७ मध्ये फाळक्यांनी स्वतःच हीच कथा पुन्हा चित्रित केली. सिनेमा बोलू लागला तेव्हा प्रभातने १९३२ साली पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. तोही हरिश्चंद्राचाच. म्हणजे मराठी सिनेमा पहिल्यांदा तोंड उघडून जे बोलला ती आज ज्याला आपण रिमेक म्हणतो तीच गोष्ट होती. चार वर्षांनी दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' आला. त्यातला एकही प्रसंग वारी करणाऱ्या माणसाला अनोळखी नव्हता. तरी विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरचा निर्मळपणा आणि जिजाईचा खरखरीत संसार पाहायला लोक पुन्हा पुन्हा गेले आणि व्हेनिसच्या महोत्सवानेही त्या चित्रपटाचा गौरव केला. माहीत असलेली गोष्ट लोकांनी इतक्या असोशीने का पाहिली, या प्रश्नाचं उत्तर शोधल्याशिवाय आजच्या कंटाळ्याचं कारण सापडणार नाही.

खान्देशात हा प्रश्न 'माहेरची साडी'पासून सुरू करावा लागतो. विजय कोंडके यांचा हा चित्रपट १९९१चा. नव्या पिढीला त्यावरचे विनोदच ठाऊक आहेत, पण ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना त्याची ताकद माहीत आहे. खेड्यांतून बायका टेम्पो-ट्रॅक्टर करून थिएटरला गेल्या. सासूच्या छळाला थेटर रडलं, अलका कुबल घराघरातली लेक झाली. आता मूळ पाहा. 'माहेरची साडी' निघाली ती 'बाई चली सासरिए' या १९८८च्या राजस्थानी चित्रपटावरून. पुढे १९९४ मध्ये हिंदीत 'साजन का घर' आला तोही त्याच घराण्यातला. तेव्हा खान्देशातल्या कुणाही बाईला ही गोष्ट मारवाडातून आली हे ठाऊक नव्हतं, आणि ते कळलं असतं तरी तिच्या डोळ्यातलं पाणी थांबलं नसतं.

याचं कारण आमच्याकडच्या आखाजीत आहे. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे आंब्याचा रस आणि सोन्याची खरेदी. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराई बसते, आणि झोक्यावर अहिराणी गाणी चालतात ज्यांत बाप, भाऊ, सासर, दुष्काळ सगळं येतं. भाऊ घ्यायला आला नाही तर त्या वर्षीची आखाजी कोरडी जाते. ज्या बाईने हा सण जगला तिला 'माहेरची साडी' हे नाव ऐकूनच अर्धा सिनेमा समजलेला होता. उरलेला अर्धा तिने स्वतःच्या घरातून भरला. दिग्दर्शकाने राजस्थानी कथेतलं दुःख मराठी साडीत, मराठी ओवाळणीत, मराठी सासूच्या टोमण्यांत आणून ठेवलं आणि प्रेक्षकाला त्यात शिरायला दार ठेवलं. चित्रपट म्हणून त्यात भडकपणा आहे, तो मी नाकारत नाही. बाईने सोसत राहावं हा त्याचा विचार मला तेव्हाही पटला नव्हता आणि आज तर मुळीच पटत नाही. पण तो परका वाटला नाही, हे खरं आहे.

विनोदी चित्रपटांचंही तसंच झालं. महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' १९८५चा. त्याची कथा 'प्यार किये जा' या हिंदी चित्रपटातून आली, आणि त्या हिंदी चित्रपटाची १९६४च्या एका तमिळ चित्रपटातून. १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'मागे हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' उभा आहे. मुखर्जींचा तो चित्रपट आज फारसा कुणी पाहत नाही आणि 'बनवाबनवी'चे संवाद मात्र पस्तीस वर्षांनंतरही लग्नाच्या पंगतीत तोंडपाठ म्हटले जातात. त्यात पुण्यात खोली मिळण्याची मारामार आहे, घरमालकांचे नखरे आहेत, आणि वसंत सबनीसांच्या लेखणीतली वगनाट्याची चपळाई आहे. 'झपाटलेला'तल्या बाहुल्याचं मूळ हॉलिवूडच्या एका भयपटात असेल, पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आणि त्याच्यातला तात्या विंचू आपल्याच गावच्या गुंडासारखा बोलतो.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. इथे तांबट मोड घेतात, म्हणजे फुटकी घागर, चेपलेला हंडा, आजीच्या काळातला बंब, आणि ती आटवून त्याच धातूचं नवं भांडं होतं. नव्या घागरीतलं तांबं कुणाच्या घरचं होतं हे कुणी विचारत नाही. मठारताना पडलेल्या ठोक्यांवरून जाणकाराला हात मात्र ओळखू येतो. सिनेमाच्या कथेचंही मला असंच वाटतं. कथा म्हणजे मोड. ती फिरत राहते, फिरायलाच हवी. प्रश्न एवढाच की नव्या सिनेमावर कुणाच्या हाताचे ठोके आहेत. नक्कल करताना गाव आत आलं की गाव बाहेर गेलं? या पुस्तकातला प्रत्येक लेख शेवटी याच प्रश्नापाशी येतो.

या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर आमच्याच महामार्गावर आहे. सोनगीरहून निघालं, धुळं ओलांडलं की तासा-दीड तासात मालेगाव लागतं. यंत्रमागांचं गाव. माग शुक्रवारी बंद राहतात आणि शुक्रवार हा सिनेमाचा दिवस. या गावात नासिर शेख यांचा व्हिडिओ पार्लर होता. ब्रूस ली, चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन यांच्या फिती बघून बघून त्यांनी जुळवाजुळवीची कला शिकून घेतली, आणि मग मित्रांना गोळा करून 'मालेगाव के शोले' बनवला. भाड्याचा व्हिडिओ कॅमेरा, जेमतेम पैसे, आणि दिवसा मागावर किंवा दुकानात काम करणारे नट. घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर बसले. क्रेनचं काम बैलगाडीकडून करून घेतलं.

इथे एक क्षण थांबायला हवं. मूळ 'शोले' हा १९७५चा चित्रपट स्वतः किती ठिकाणांहून आलेला आहे! कुरोसावांच्या 'सेव्हन समुराई'ची सावली त्यावर आहे, अमेरिकन आणि इटालियन वेस्टर्नचा पोशाख त्याच्या अंगावर आहे, आणि डाकूंच्या हिंदी चित्रपटांची आख्खी परंपरा त्याच्या पाठीशी आहे. रामगढ उभारलं गेलं ते कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत. म्हणजे मालेगावकरांनी केली ती नकलेची नक्कल. तरीही ती पाहताना आपण 'शोले' पाहत नाही, मालेगाव पाहतो. तिथली बोली, तिथली गटारं, तिथली थट्टा, तिथल्या गल्लीतली माणसं. आपण ज्याला हिरो समजत होतो तो आपल्या शेजारच्या मागावरचा माणूसही होऊ शकतो, हे त्या पडद्याने दाखवलं. मालेगावात तो चित्रपट चालला तो एवढ्यासाठीच.

पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. त्यातला सुपरमॅन शफीक शेख, अंगाने काटकुळा, दिवसभर यंत्रमागावर राबणारा. अमेरिकन सुपरमॅन पृथ्वी वाचवतो. मालेगावच्या सुपरमॅनची लढाई घाणीशी आणि व्यसनाशी होती, कारण मालेगावच्या माणसाला रोज छळणाऱ्या गोष्टी त्याच होत्या. फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. ज्याने तो पाहिला नसेल त्याने हे पुस्तक बाजूला ठेवून आधी तो पाहावा. खांबाला आडवा बांधलेला सुपरमॅन वाऱ्यात हात पसरतो तेव्हा हसू येतं आणि त्याच क्षणी घसा दाटतो. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. ज्या व्यसनाशी त्याचा सुपरमॅन लढत होता, ते पडद्याबाहेर त्याच्या गावाला सोडायला तयार नव्हतं.

अखेर मुंबईने मालेगावची दखल घेतली. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. जे आयुष्यभर मुंबईची नक्कल करत राहिले त्यांच्याकडे मुंबईला ताज्या गोष्टीसाठी यावं लागलं. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांचा याहून मोठा सन्मान कुठला?

आता याच 'शोले'ची दुसरी नक्कल शेजारी ठेवा. २००७ साली राम गोपाल वर्मा यांनी 'आग' काढला. पैसा होता, तंत्र होतं, खुद्द अमिताभ बच्चन गब्बरच्या जागी उभे होते. चित्रपट सपशेल कोसळला. त्याला रामगढ नव्हतं आणि मुंबईही नव्हती. कुठल्याच मातीत त्याचा पाय नव्हता. सायकलवरचे डाकू लोकांच्या मनात राहिले आणि कोट्यवधींची 'आग' विझली, याला मी योगायोग मानत नाही.

'सैराट' आणि 'धडक'चं तसंच आहे, फक्त ते जास्त बोचतं. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६चा. वरवर पाहता त्याची कथा शंभर वेळा सांगितलेली: मोठ्या घरची मुलगी, खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला मुलगा, पळून जाणं, सूड. पण करमाळ्याकडची ती विहीर, ऊस, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, वर्गात मास्तरच्या कानाखाली बसलेली चपराक, परक्या शहरातल्या झोपडपट्टीत डोसे विकून उभा राहिलेला संसार, या सगळ्यांत जात कशी वाहते हे त्या सिनेमाने क्षणभरही विसरू दिलं नाही. दोनच वर्षांत हिंदीत 'धडक' आला. रीतसर हक्क विकत घेऊन. गोष्ट उदयपूरला गेली, तळी आणि हवेल्या आल्या, कपडे महाग झाले, आणि ज्या एका गोष्टीमुळे 'सैराट' झाला होता ती जात मागे सरकून अस्पष्ट झाली. कथा तीच, गाणी बरीचशी तीच, अजय-अतुलही तेच. गाव तेवढं गेलं, आणि गावाबरोबर सिनेमा गेला.

पूर्वी चोरून उचलायचे तेव्हा चोरी लपवण्यासाठी का होईना कथा बदलावी लागे. पात्रांची नावं, गाव, भाषा, नाती, विनोद सगळं नव्याने रचावं लागे, आणि त्या रचण्यातून नकळत काही स्वतःचं येई. आता हक्क रीतसर विकत घेतले जातात. हे न्याय्यच आहे, मूळ लेखकाला त्याचे पैसे मिळायलाच हवेत आणि श्रेयनामावलीत नावही हवं. 'कथा अमक्यावरून' एवढी साधी ओळ आपल्या कित्येक लाडक्या चित्रपटांनी दिली नाही, ही गोष्ट मी दरवेळी दुःखाने नोंदवली आहे. पण ज्याने पैसे मोजून यशस्वी चित्रपट विकत घेतला त्याला त्यातलं काही बदलायची भीती वाटते. त्याने कथा घेतलेलीच नसते, हमी घेतलेली असते. मग फ्रेमला फ्रेम जुळवली जाते.

त्यातच मूळ चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर मिटलं. १९८५ साली धुळ्यातल्या माणसाला १९६४चा तमिळ चित्रपट पाहायला मिळणं शक्यच नव्हतं. आज दक्षिणेतला चित्रपट हिंदीत डब होऊन टीव्हीवर आणि मोबाइलवर येतो, शेतात पाणी भरताना झाडाखाली बसून पाहिला जातो. २०२२-२३ मध्ये 'जर्सी', 'विक्रम वेधा', 'शहजादा' हे रिमेक एकामागोमाग पडले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. 'शहजादा'चं मूळ 'अला वैकुंठपुरमलो' ज्यांनी आधीच पाहिलं होतं, त्यांनी तिकिटाला पैसे का घालावेत? 'दृश्यम २' चालला, हे खरं. तिथे माणसं पुढची चाल ऐकायला आली होती, कोड्याची मजा वेगळी असते. पण सरसकट पाहिलं तर आजच्या तक्रारीचा बराचसा भाग नक्कल वाढल्यामुळे आलेला नाही. नक्कल आता उघडी पडते, म्हणून आलेला आहे.

बाकीचं कारण पैशात आहे. गावातली एकपडदा थिएटरं एकेक करून बंद पडली, कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे नुसत्या भिंती उरल्या. जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून पाहायचा सिनेमाही सरत आला. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला तेव्हा ते तंबू शेवटच्या घटका मोजत होते. तंबूतला प्रेक्षक थोडे पैसे देई आणि त्याच्या बोलीतल्या, त्याच्या देवाच्या, त्याच्या दुःखाच्या चित्रपटाला वर्षानुवर्षं जिवंत ठेवी. मल्टिप्लेक्समध्ये चित्रपटाला तीन दिवसांत निकाल द्यावा लागतो. शुक्रवारी आला आणि सोमवारी गर्दी नसली तर पडदा दुसऱ्याला. मराठी चित्रपटाला तर सकाळचा किंवा रात्री उशिराचा खेळ मिळवण्यासाठीही झगडावं लागतं. अशा व्यवहारात निर्माता ओळखीचंच दुकान मांडणार. मग दुसरा भाग येतो, तिसरा भाग येतो, आणि जुन्या हिटचं नाव नव्या पोस्टरवर चढतं.

ज्याचा पैसा त्याचा सिनेमा, हे खान्देशाने जवळून पाहिलं आहे. सोनगीरच्या पुढे याच महामार्गावर शिरपूर. स्मिता पाटील ही शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी. तिचा 'मंथन' १९७६ साली झाला तो गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून. त्यांना पडद्यावर स्वतःचं गाव, स्वतःची जात-भांडणं, स्वतःची दूध सोसायटी पाहायची होती, आणि श्याम बेनेगल यांनी त्यांना तेच दिलं. स्मिताचा 'उंबरठा' शांता निसळ यांच्या कादंबरीवरचा, 'भूमिका' हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावरचा. दोन्हींची कथा आधीच कागदावर होती. तरी त्या चित्रपटांइतकं नवं त्या काळात फार थोडं होतं, कारण त्यांतल्या बाईचं दुःख कुठल्याही साच्यातलं नव्हतं.

मग वेळेचा प्रश्न येतो. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ला कित्येक वर्षं लागली. चित्रीकरण झालं, पुन्हा झालं, खऱ्या पावसासाठी पावसाळ्यांची वाट पाहिली गेली. नारायण धारप यांच्या भयकथांचं ऋण आणि कोकणातल्या वाड्यांचा ओला अंधार त्यात आहे. २०१८ मध्ये तो आला तेव्हा बेताचा चालला. २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. प्रेक्षकाला नवं नको असतं असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. नवं पाहायला प्रेक्षकाला सहा वर्षं लागली असतील, पण तो आला. पहिल्या सोमवारी तो आला नाही म्हणून त्याच्या आवडीला दोष देणं अन्यायाचं आहे.

साचा नेहमी मुंबईतूनच लादला जातो असंही नाही. मराठीत ऐतिहासिक चित्रपटांची जी लाट आली ती मोठ्या प्रेमातून आली, यात मला शंका नाही. शिवकाळाबद्दल आपल्याला जे वाटतं ते कुठल्याही बाजारापेक्षा मोठं आहे. म्हणूनच सह्याद्रीच्या जागी संगणकातले डोंगर, तोच संथ गतीने पडणारा घाव, तोच ढोल आणि तेच आरोळ्यांचे संवाद एकामागून एका चित्रपटात पाहताना जीव तुटतो. 'बाहुबली'नंतर युद्ध कसं दिसावं हे जणू ठरून गेलं. भालजी पेंढारकरांनी १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' केला तेव्हा त्यांच्याकडे साधनं थोडी होती, पण त्यांच्या माणसांच्या अंगावर कोल्हापूरची माती होती.

आमच्या अहिराणी गाण्यांकडेही पाहा. 'हाई झुमका वाली पोर' आलं, कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं, लग्नाच्या वरातीत पुण्या-मुंबईपर्यंत वाजलं. ज्या बोलीला शाळेत गावंढळ म्हणून हिणवलं जाई ती बोली सगळ्या महाराष्ट्राच्या ओठावर आली, याचा आनंद खान्देशातल्या प्रत्येक माणसाला झाला, मलाही झाला. पण त्यानंतर त्याच ठेक्यावर, तशाच पोरीवर, तशाच शेतातल्या नाचावर गाण्यांची रीघ लागली. इथे कुणी मुंबईचा निर्माता नव्हता, हक्कांचा करार नव्हता. फक्त 'किती जणांनी पाहिलं' हा आकडा होता. त्या आकड्याने आमचंच गाव आमच्यासाठी साचा करून टाकलं. गाव आत आलं की काम झालं, एवढं हे सोपं नाही, हे मला या गाण्यांनी शिकवलं. गाव एकदा आलं की ते दरवेळी नव्याने बघावं लागतं. आखाजीची गाणीसुद्धा दरवर्षी एखादी बाई नवी ओळ घालते म्हणून टिकली.

आणि बघायला इथे काय कमी आहे? सोनगीरहून दोंडाईच्याकडे निघालं की वाटेत चिमठाणे लागतं. १४ एप्रिल १९४४ रोजी सातारच्या प्रतिसरकारचे क्रांतिकारक खान्देशातल्या साथीदारांसह इथे आले आणि त्यांनी धुळ्याहून निघालेला सरकारी खजिना दिवसाढवळ्या लुटला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम, पाठीमागे पोलीस, एप्रिलमधलं खान्देशातलं ऊन. नागनाथ अण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड ही त्यातली नावं. शिरपूरच्या पुढे सेंधव्याचा घाट. तिथे राखणीला असलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवर उलटला आणि पुढच्याच वर्षी आंबापाणीला भिल्लांनी लढाई दिली. त्या लढाईत इंग्रजांनी भिल्ल बायकांनाही कैद केलं. नंदुरबारच्या चौकात १९४२ मध्ये शिरीषकुमार मेहता गोळी झेलून पडला तेव्हा तो शाळकरी मुलगा होता.

यांतल्या कुठल्याही गोष्टीवर उद्या कुणी मोठ्या पडद्याचा सिनेमा काढेल. मला एवढंच पाहायचं आहे की चिमठाण्याच्या रस्त्यावर खजिन्याची गाडी अडवणारी माणसं कुठल्या भाषेत बोलतात, त्यांना पाणी कोण देतं, लपायला कुणाचं घर उघडतं आणि त्या घरातली बाई काय म्हणते. ते न पाहता नायकाला डोंगरमाथ्यावर उभं करून मागे आग लावली, तर तो १९४४ सालच्या खऱ्या घटनेवरचा चित्रपट असूनही मी त्याला नक्कलच म्हणेन. आणि एखाद्या पोरट्याने भाड्याच्या कॅमेऱ्यावर, सायकलींवर पोलीस बसवून, अहिराणीत तीच लूट घेतली, त्यातले अर्धे शॉट एखाद्या परदेशी दरोडापटातून उचलले, तरी तो मला नवा वाटेल.

पुढच्या लेखांबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, मी चित्रपट निवडले ते त्यांच्या प्रतिष्ठेवरून नव्हे. 'संत तुकाराम' आणि 'माहेरची साडी' या पानांवर शेजारी शेजारी आहेत, कारण दोघांनाही जुनी गोष्ट आपल्या माणसांत आणून सोडावी लागली होती, आणि दोघांनी ती कशी आणली हे मला तुलनेनेच नीट दिसलं. दोन, शेवटचा आणि सगळ्यात मोठा लेख मालेगाववर आहे. तो मी आधी सुरुवातीला ठेवणार होतो. पण वाचकाने 'धडक'पर्यंतचा प्रवास करून मग मालेगावात पोचावं असं वाटलं, कारण काय हरवलं आहे हे कळल्यावरच सायकलवरचे ते डाकू किती मोठे आहेत हे दिसतं.